पांढर वाचली, बांध गेला : एका टेकाडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गावाचं नाव, माणसांची नावं, नक्की तालुका यातलं काहीच इथे देत नाहीये. तसा शब्द दिलाय, आणि दुसरं म्हणजे अशा जागेचं नाव बाहेर पडलं की सगळ्यात आधी गुप्तधनवाले पोचतात, ते रात्री खणून जातात आणि सकाळी फक्त खड्डा राहतो. भीमा-घोडच्या खोऱ्यातलं, पठारावरचं, पर्जन्यछायेतलं एक गाव, एवढं पुरे.

या पट्ट्याबद्दल आधी थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सह्याद्री उतरून पूर्वेला आलं की जे पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीचं पठार लागतं ना, माळ, ओढे, मधेच नदीकाठची काळी जमीन, तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची गावं होती. लोखंड माहीत नव्हतं, तांबं थोडंसं, बाकी अवजारं दगडाची, म्हणून या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात. त्यातली सगळ्यात भरभराटीची ती जोर्वे संस्कृती, इ.स.पू. १४०० ते १००० आणि तिचा उतरता काळ पुढे ७००पर्यंत. नाव प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून पडलं, तिथे १९५०-५१ला उत्खनन झालं. अशा दोनशेच्या वर जागा आत्तापर्यंत सापडल्यात. सगळ्यात नीट खणलेलं गाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं इनामगाव, १९६८ ते १९८३, सांकलिया, अन्सारी, ढवळीकर हे पुरातत्त्वज्ञ आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजची सगळी टीम वर्षानुवर्षं तिथे राबली. शंभराहून जास्त घरं मिळाली, दफनं मिळाली, धान्याचे जळके दाणे मिळाले. मुख्य पीक काय निघालं माहितीये? ज्वारी-बाजरी नाही, सातू! सोबत गहू, मसूर, हुलगे, लाख.

मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांना विचारते की तुमच्या शिवारात पांढर कुठेय. पोरं हसतात, पण शेतकऱ्याच्या पोराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. जिथे माणसं शेकडो वर्षं राहिली, भिंती पडल्या, राख साचली, शेण-माती साचली, तिथली माती राखाडी-पांढरट होते आणि टेकाड तयार होतं. गाव उठून दुसरीकडे गेलं तरी ते टेकाड तसंच राहतं. पुरातत्त्वाची पुस्तकं यायच्या कितीतरी आधी आपल्या भाषेनं ही नोंद करून ठेवलीय, याचा मला फार अभिमान वाटतो.

अडचण काय झाली

मे महिना, दुपारी साडेतीन. एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. "मॅडम, आमच्या पांढरीवर जेसीबी लावलाय वडलांनी, आणि मडकी निघायला लागलीत, आणि एका मडक्यात हाडं हायेत. काय करू?"

जागा साधारण एक एकराची, टेकाड दीड पुरुष उंच, ओढा नदीला मिळतो तिथून थोडं आत. वडील, त्यांना इथे अण्णा म्हणते, त्यांना टेकाड सपाट करून ठिबक टाकून कांदा करायचा होता. निघालेली पांढरी माती खालच्या चिबड, पाणी साचणाऱ्या तुकड्यात टाकायची, म्हणजे दोन्ही कामं एकात. यात अण्णांचं काहीच चूक नव्हतं हे मला पहिल्यापासून स्पष्ट होतं आणि आजही आहे. चार एकराच्या माणसाला एक एकर टेकाडाखाली अडकवून ठेवणं परवडत नाही. पांढरी माती शेताला चांगली हे त्यांच्या आज्यापासून माहीत, आधीही बैलगाड्या भरभरून गावानं ती नेलेलीच आहे, टेकाडाचं एक टोक त्यामुळेच कधीचं खाल्लं गेलेलं.

मी पोचले तोपर्यंत टेकाडाच्या पश्चिम बाजूनं सरळ काप गेला होता. ड्रायव्हर मशिन बंद करून सावलीत बसलेला, कारण हाडं बघितल्यावर तो पुढे खणायला तयार नव्हता.

तो काप मी जन्मात विसरणार नाही. वरून हातभर भुसभुशीत माती, त्याखाली पिवळसर चोपलेल्या जमिनीची बोटभर जाड रेघ, मग काळी राख, परत जमीन, परत राख, असं पाच-सहा वेळा. म्हणजे एकाच जागी घर पडलं, परत सारवलं, परत राहिले. एका जमिनीत खांबाचा खड्डा कापात बरोब्बर अर्धा दिसत होता, आतली माती वेगळ्याच रंगाची. खाली पडलेल्या ढिगात खापरंच खापरं. लाल, पातळ, वर काळ्या रंगात तिरप्या रेघांची जाळी. एक उचलून नखानं टिचकी मारली तर खणखणीत वाजली, धातूसारखी. जोर्वेचं खापर असंच वाजतं. एका भांड्याची तोटी अख्खी मिळाली. सोबत गारगोटीची छोटी पाती, अजून धार असलेली.

आणि ते मडकं. खरं तर दोन मडकी होती, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, एकाचा तळ जेसीबीच्या दातानं गेलेला. आत लहान बाळाची हाडं, काडीएवढी. इनामगावला अशी कितीतरी मिळालीत, बाळ गेलं की घराच्याच जमिनीखाली दोन मडक्यांत ठेवायचे. मोठ्या माणसांना पुरताना पायाचे घोट्याखालचे भाग तोडायचे, पण बाळांना असं मडक्यात. वाचलेलं असतं सगळं, पण समोर बघितल्यावर मला दोन मिनिटं बोलता आलं नाही. अण्णांच्या आई आल्या, वाकून बघितलं, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "कुनाचं तरी लेकरू हाय, झाका त्याला." कुणीतरी गोणपाट आणलं.

तर अडचण अशी की जेसीबी तासावर होता आणि अजून दीड दिवस बुक होता, पाऊस तीन आठवड्यांवर, अण्णांना काम संपवायचं होतं, आणि गावात तोवर "हंडा निघाला" अशी कुजबुज सुरू.

कोणते पर्याय होते

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही जे बोललो ते जवळजवळ सगळं मी रात्री वहीत उतरवलं होतं, त्यावरून लिहितेय.

पहिला, काहीच करायचं नाही. मी चार खापरं उचलून कॉलेजच्या कपाटात ठेवायची आणि काम चालू राहू द्यायचं. हे मी आधी दोन ठिकाणी केलेलं आहे, लाज वाटते पण खरंय. खापर एकटं काही सांगत नाही हो, ते कुठल्या जमिनीवर, कुठल्या चुलीशेजारी, कुठल्या थरात होतं हेच तर सगळं असतं.

दुसरा, लगेच सरकारच्या पुरातत्त्व खात्याला कळवून संरक्षित जागा घोषित करायची मागणी करायची. राज्याचा १९६०चा कायदा त्यासाठीच आहे. पण त्यात नोटीस, हरकती, सुनावणी, मग घोषणा, या सगळ्याला वेळ लागतो आणि जेसीबी उद्या सकाळी सुरू होणार होता. शिवाय अण्णांचा पहिला प्रश्न हाच, "मॅडम, जमीन जाईल का आमची? सातबाऱ्यावर इतर हक्कात काही चढलं तर सोसायटी कर्ज देईल का?" या भीतीपोटीच किती टेकाडं रातोरात सपाट होतात. मी त्यांना सांगितलं की संरक्षित केलं म्हणजे मालकी जात नाही, वापरावर बंधनं येतात. पण "बंधनं" हा शब्द ऐकूनच त्यांचा चेहरा उतरला.

तिसरा, आपणच घाईघाईनं खणून जेवढं मिळेल तेवढं वाचवायचं. मुलं तर एका पायावर तयार होती. हा मी तिथल्या तिथे बंद केला. उत्खननाला रीतसर परवाना लागतो, तो नसताना कुदळ मारणं बेकायदा, आणि कायदा बाजूला ठेवला तरी वीस पोरांनी दोन दिवसात उकरणं म्हणजे जेसीबीचंच काम हातानं करणं.

चौथा पर्याय अण्णांच्या मुलानं सुचवला, मी नाही, हे आवर्जून सांगते. त्याचं म्हणणं, वडलांना टेकाड नकोय असं नाही, त्यांना खालच्या चिबड तुकड्यासाठी माती हवीय आणि कांद्याला एक एकर हवंय. माती दुसरीकडून मिळाली तर? पाझर तलावाचा गाळ काढायचं काम शेजारच्या गावात चालूच होतं, २०१७पासून ती गाळमुक्त धरण योजना आहे, गाळ फुकट, वाहतूक आपली. आणि कांदा खालच्या सुधारलेल्या तुकड्यात करायचा, टेकाडावर उथळ नांगरून हरभरा नाहीतर ज्वारी.

उथळ म्हणजे किती? इथे मला कायद्यातलीच एक गोष्ट कामाला आली. १९५८च्या केंद्रीय कायद्यात अगदी संरक्षित जागेवरसुद्धा एक फुटाच्या आतली नांगरट चालते. ही जागा संरक्षित नव्हतीच, पण एक फूट हा आकडा अण्णांना पटला, कारण तो शेतकऱ्याच्या मापातला होता. "एक फूट म्हंजे कुळवाचंच काम की."

निर्णयाचे क्षण आणि प्रत्यक्ष काय केलं

सगळ्यात आधी, त्याच रात्री, हाडांचं. हाडं माणसाची आहेत म्हटल्यावर पोलीस पाटलांना सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नव्हतं. ते आले, बघितलं, तहसील कार्यालयात फोन केला. तिथून मग "हे जुनं आहे याचं पत्र द्या" असं आलं, मी कॉलेजच्या लेटरहेडवर दिलं. यानं एक फायदा असा झाला की हंड्याची कुजबुज थांबली, कारण गोष्ट आता उघड होती. पोलीस पाटलांनी स्वतः चावडीवर सांगितलं की मडकी निघालीत, सोनं नाही, आणि जमिनीत काही मोलाचं सापडलं तर १८७८च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावंच लागतं. प्रवरेकाठच्या दायमाबादचं उदाहरणही दिलं मी तेव्हा, १९७४ला झाडाचं मूळ खणताना तो बैलगाडीसारखा रथ आणि हत्ती, गेंडा, रेडा मिळाले होते, सगळे धातूचे. पण तसं काही दर टेकाडात नसतं, आपल्यासाठी त्या राखेतला जळका दाणा जास्त मोलाचा, असं समजावायचा प्रयत्न केला. किती जणांना पटलं माहीत नाही, दोघा-तिघांना नक्की पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी टेकाडावरचा जेसीबी हलवला. हा त्यांचा निर्णय, आणि त्यात पैसे गेले, कारण बुकिंगचे दीड दिवस भरायचे होतेच. म्हणून मशिन रिकामं बसू नये म्हणून त्यांनी ते दुसऱ्या कामाला लावलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे येतंय.

आम्ही नऊ जण होतो. कापाला हात लावला नाही, खरवडला नाही, नुसते फोटो काढले, प्रत्येक फोटोत एक मीटरची पट्टी आणि पाटीवर क्रमांक. पूर्ण काप मोजून ग्राफ पेपरवर काढला, कुठली जमीन किती खोल, राख किती जाड. ढिगातली खापरं गोळा केली पण ढीग कुठून निघाला त्याप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत, आत चिठ्ठी, बाहेर चिठ्ठी. राखेच्या थरातून खाली पडलेली माती दोन पोती भरून वेगळी ठेवली, त्यात दाणे असू शकतात म्हणून, आणि ती धुवायची नाही, चाळायची नाही असं पोरांना बजावलं. मडकी होती तिथेच ठेवली, बारीक वाळू भरली, गोणपाट, वर माती. आजींनी त्यावर हळदी-कुंकू वाहिलं आणि तुळशीपुढचा दिवा आणून ठेवला. त्या बाळाची आई याच जागी सातू दळत असेल, आणि या आजी लहानपणी सातूचं पीठ गुळात कालवून खाल्ल्याचं सांगत होत्या. मला तेव्हा फार भरून आलं.

दुपारी ऊन इतकं होतं की आम्ही ओढ्याच्या काठाला बाभळीखाली जेवायला बसलो. तिथे मोठमोठ्या दगडांची एक ओळ होती, अर्धी मातीत बुडालेली, ओढ्याला तिरपी, साठ-सत्तर पावलं लांब. बसायला मस्त. भाकरी, ठेचा, कांदा, सगळं त्या दगडांवर मांडून जेवलो, पाणी प्यायलो, उठलो.

संध्याकाळी खात्याला आणि पुण्याच्या अभ्यासकांना ईमेल, फोटो, नकाशा, जीपीएसचे आकडे. खात्याकडून पोच आली, माणूस आला नाही. पुण्याहून दोघं तीन आठवड्यांनी आले, पहिला पाऊस होऊन गेल्यावर.

निष्पन्न काय झालं

टेकाडाचा साधारण तिसरा हिस्सा गेला. दोन हिस्से आहेत. कापाला मातीचा उतार देऊन वर गवत येऊ दिलंय म्हणजे पावसानं ढासळत नाही. झाडं लावू नका असं सांगितलं, मुळं थर फोडतात. अण्णा एक फुटाच्या आतच कुळवतात, दोन हंगाम झाले, हरभरा बरा आला. खालच्या तुकड्यात गाळ पडला, कांदा तिथे. कागदावर कसलंच संरक्षण नाही, सगळं तोंडी शब्दावर चाललंय, आणि अण्णांच्या माघारी काय हा प्रश्न उघडा आहे.

पुण्याच्या अभ्यासकांनी खापरं बघून जोर्वे हेच सांगितलं. राखेची पोती ते घेऊन गेले.

आणि मग त्यातल्या बाईंनी विचारलं, "ओढ्याच्या बाजूला काही दगडी बांधकाम, जुना चर वगैरे दिसलं का? इनामगावला वस्तीच्या कडेला पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट होता ना."

मी उठून चालायलाच लागले. बाभळीपाशी गेलो तर जमीन सपाट, टायरच्या खुणा. अण्णांनी रिकामा जेसीबी लावला होता तो याच कामाला, दगड उचलून शेतरस्त्याच्या भरावात टाकले होते. आम्ही जेवून उठल्यावर तासाभरात. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ते ठेवायचेत. कोण सांगणार, आम्हालाच सुचलं नव्हतं. ती ओळ साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी घातलेला बांध होती का दोनशे वर्षांपूर्वी शेताची माती अडवायला रचलेली ताल होती, हे आता कुणीच ठरवू शकणार नाही, कारण दगडाखालची माती बघितल्याशिवाय ते ठरत नाही आणि ती माती उलटीपालटी झालीय. आमच्याकडे त्याचा एकच फोटो आहे, पोरांच्या जेवणाचा, मागे चार दगड दिसतात.

आज परत करायचं झालं तर

ही चूक मी बारकाईनं मांडतेय कारण ती माझ्या एकटीची सवय नाही, आपल्या सगळ्यांची आहे. पांढर दिसली की आपण पांढरीतच अडकतो. घर, मडकं, दफन, मणी. आणि हे लोक तर शेतकरी होते! त्यांचं निम्मं आयुष्य काळीत गेलं. पाणी कुठून वळवलं, जनावरं कुठे बांधली, खळं कुठे होतं, वाट कुठून जायची, हे सगळं टेकाडाच्या बाहेर असतं, आणि ते दिसायला इतकं साधं असतं की आपण त्यावर बसून जेवतो. पुणे जिल्ह्यातल्या वाळकीला उत्खननात हाडाचा नांगर मिळाला तो छोट्याशा शेतवस्तीतच, तिथे मोठं गावही नव्हतं.

त्यामुळे आता माझा क्रम बदललाय. मशिन थांबलं की कापाकडे जायचं नाही, आधी तासभर नुसतं चालायचं, टेकाडाच्या चारी बाजूंनी निदान पाचशे मीटर, ओढ्याच्या दोन्ही काठांनी. हातानं कच्चा नकाशा, प्रत्येक दगडाची ओळ, प्रत्येक खोलगट पट्टा, कुठे पीक वेगळं दिसतं ते. ओळ जुनी आहे की नवी ते नंतर बघू, आधी नोंद.

दुसरं म्हणजे म्हाताऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारायचं. अण्णांच्या चुलत्यांनी, वय ऐंशीच्या पुढे, आम्हाला नंतर सांगितलं की त्या दगडांना ते लहानपणी "राक्षसाची ताल" म्हणायचे आणि कुणी रचली ते त्यांच्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. हे ते त्या दुपारी शंभर फुटांवर ओसरीत बसलेले असतानाच सांगू शकले असते. आम्ही त्यांना नमस्कार केला, चहा घेतला, आणि पुढे गेलो.

तिसरं, मालकाशी बोलताना काय ठेवायचं त्याची हद्द जागेवर फिरून, चुन्याची फक्की टाकून दाखवायची. "टेकाड ठेवा" म्हटलं की त्यानं टेकाडच ठेवलं, शब्दाला जागला तो. चूक आमच्या शब्दात होती. आणि जेसीबीचं उरलेलं भाडं वर्गणी काढून आम्ही भरलं असतं तर मशिन त्या दिवशी घरी गेलं असतं. नऊ जणांत काही फार पडले नसते.

पोलीस पाटलांना लगेच सांगणं आणि न खणता नुसती नोंद करणं, हे दोन्ही मी आजही तसंच करीन. आणि गाळाच्या पर्यायासारखं काहीतरी शोधल्याशिवाय शेतकऱ्याला नुसतं "थांबा" म्हणणार नाही.

मागच्या जानेवारीत अण्णांच्या मुलासोबत ओढ्याच्या पलीकडच्या काठानं चालले. तिथे घाणेरीच्या झुडपात तसेच सात दगड आहेत, त्याच तिरप्या रेषेत, अर्धे बुडालेले. मोजमाप घेतलं, फोटो काढले, पुण्याला पाठवले. ते शेत अण्णांच्या चुलतभावाचं आहे, दोघांचं दहा वर्षं बोलणं नाही, आणि तो यंदा विहीर काढणार आहे असं कानावर आलंय. रविवारी त्याच्याकडे जाणार आहे, आजी म्हणाल्यात की मी पण येते.